डोकं सासरी, पाय माहेरी

मी बोलतोय खरा, पण मला तोंड नाही. तोंडाचं सोडा, डोकंच नाही. मी एका शिलाई मशीनचा खालचा भाग आहे, म्हणजे नुसता स्टँड. दोन्ही बाजूंना बिडाचे नक्षीदार पाय, मधे पाय ठेवायची जाळीची पट्टी, उजव्या अंगाला मोठं चाक आणि वर सागवानी फळी. फळीच्या मधोमध एक चौकोनी भोक आहे. त्या भोकात पूर्वी माझं डोकं बसायचं. काळं, चकचकीत, सोनेरी वेलबुट्टीचं. लोक त्यालाच मशीन म्हणत. मला ‘ते खालचं’ म्हणत.

डोकं मोडलं नाही, हरवलं नाही. ते लग्नात गेलं. पण मी फारच पुढे गेलो. अक्कल डोक्याबरोबर निघून गेल्यावर सांगण्याचा क्रम असाच चुकतो.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. वितळलेलं बीड साच्यात ओतलं आणि मी निघालो. माझ्या बाजूच्या नक्षीत कारखान्याचं नाव ओतलेलं आहे. १९७१ साली मी मद्रासच्या पॅरीज कॉर्नरमधल्या एका दुकानातून तीनचाकी हातगाडीवर चढून तिरुवल्लिकेणीच्या एका गल्लीत आलो, तेव्हा घरच्या मालकांनी माझ्याभोवती एक फेरी मारली, खाली वाकले आणि म्हणाले, “यांत एक अक्षर उलटें बैसलें आहे.” माझ्या स्वागताचं हे पहिलं आणि शेवटचं वाक्य.

त्यांचं नाव राघोत्तमराव. रॉयपेट्टातल्या एका छापखान्यात ते मुद्रितं तपासत, त्यामुळे जगाकडे बघताना त्यांना आधी चूक दिसायची. बायको सरोजाबाई, मुलगी भवानी. तिघं तंजावूरकडची. घरात मराठी बोलत, पण अशी, की पुण्याच्या माणसाला वाटावं, कुणीतरी जुन्या कागदातून उठून चहा मागतंय. मधे मधे तमिळ असायचंच. भवानीला मराठीत हाक मारली की ती उत्तर तमिळमध्ये द्यायची आणि ते कुणाला खटकत नसे.

मशीन आलं होतं सरोजाबाईंसाठी. गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज त्या शिवत आणि टी. नगरच्या एका दुकानाच्या साड्यांना फॉल लावून देत. सकाळची कामं आवरली की त्या स्टुलावर बसायच्या, पदर खोचायच्या आणि दोन्ही पाय माझ्या पट्टीवर ठेवायच्या. टाच खाली, चवडा खाली, टाच खाली. दिवसाचे पाच-पाच तास. तेरा वर्षं हे चाललं. शिवण मस्त निघायची आणि कौतुक वरच्याचं व्हायचं. मी मनातून जळायचो. आता कळतं, की त्या वेळी मी स्वतःकडे इतका बघत होतो, की माझ्यावर ठेवलेल्या पायांकडे माझं लक्षच नव्हतं.

राघोत्तमरावांचं उलट. त्यांचा छापखाना घरापासून चालत वीस मिनिटांवर. ते बसनं जात. बस चार मिनिटांत पोचवायची. तिची वाट पाहायला पाऊण तास लागायचा आणि तो ते थांब्याच्या कट्ट्यावर बसून काढत. मग छापखान्यातली खुर्ची. मग परतीची बस. मग घरातली खुर्ची. त्यांच्याकडे तपासायला येई ते रेल्वेचं वेळापत्रक. सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, जंक्शन, फाटे, तळटिपा. स्वतःची थट्टा करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. जेवताना म्हणत, “आज मी हावड्यास जाऊन आलों, तेथून दिल्ली, आणि मागुती मदुराई. खुर्ची काही सोडली नाही.” सरोजाबाई हसत आणि त्यांच्या हातात ताकाचं भांडं आणून देत, म्हणजे तेवढंही उठायला नको.

१९८४ मध्ये भवानीचं लग्न झालं. जावई कृष्णाजी गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामाला. क्वार्टर दोन खोल्यांचं. त्यांच्याकडे विजेच्या मोटरचं टेबल तयार होतं, फक्त वरचं मशीन हवं होतं. इकडे सरोजाबाईंना सुईत दोरा ओवताना दोन सुया दिसायला लागल्या होत्या. त्यांनी डोक्याचे स्क्रू स्वतः सोडले, जुन्या सुती साडीत ते तान्ह्या मुलासारखं गुंडाळलं आणि लेकीच्या मांडीवर दिलं. भवानी रडली. सगळे रडले. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मांडवात मी केळीच्या पानांचे गठ्ठे डोक्यावर घेऊन, म्हणजे जिथे डोकं असायला हवं तिथे घेऊन, उभा होतो.

त्यानंतरची तीन वर्षं माझ्या कर्तबगारीची. भोकावर देवघरातला एक जादा पाट पालथा घातला आणि माझं टेबल झालं. आधी रेडिओ आला. रेडिओ भिंतीवर गेल्यावर लोणच्याची बरणी आली. मग वत्तलची, म्हणजे उन्हात वाळवायच्या भाज्यांची, परात, मग विजेची बिलं, मग ज्याला कुठेच जागा नाही असं सगळं. चामड्याचा पट्टा वाळून तुटला. पायपट्टीवर धूळ बसली. मी स्वतःला सांगत होतो, की टेबल होणं ही बढतीच आहे.

राघोत्तमरावांचे पाय त्याच सुमारास सुजायला लागले. संध्याकाळी चपला काढल्या की पट्ट्यांचे वळ पावलांवर तसेच राहत. ते अंगठ्यानं घोट्याजवळ दाबत, खळगा पडे, आणि ते सरोजाबाईंना बोलावून दाखवत. त्यांना त्यात गंमत वाटायची. सरोजाबाईंना नाही वाटली. त्या त्यांना डॉक्टर गुरुमूर्तींकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी तपासलं, रक्तदाब पाहिला, आणि सांगितलं, की औषध थोडं आहे, दुखणं मोठं आहे. दुखण्याचं नाव खुर्ची. पोटरी हलली नाही तर खाली गेलेलं रक्त वर कोण चढवणार? दर अर्ध्या तासाला उठा, रोज चाला.

राघोत्तमरावांनी पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. पहिल्या दिवशी मरिनापर्यंत गेले, वाळूत बसले, उकडलेल्या हरभऱ्यांचं सुंडल खाल्लं आणि बसनं परत आले. दुसऱ्या दिवशी एक ओळखीचे भेटले, त्यांच्याबरोबर बाकावर बसले. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्र बरोबर नेलं, तेव्हाच सरोजाबाईंना काय ते कळलं. चौथ्या दिवसापासून बूट माझ्या पायपट्टीवर येऊन राहिले. तीन वर्षांत माझ्यावर ठेवलेलं पहिलं पादत्राण, आणि त्यात पाय नव्हते.

पुढचं मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. पण घरात ते इतक्या वेळा सांगितलं गेलं, की पाहिल्यासारखंच आहे.

१९८७ च्या जूनमधली गोष्ट. छापखान्यात जेवण झाल्यावर राघोत्तमराव विल्लुपुरम-तंजावूर मार्गाचं पान वाचत होते. एका पॅसेंजरच्या वेळेबद्दल शंका आली. एरवी ते बसल्या जागेवरून हाक मारत. त्या दिवशी मशिनांचा धडधडाट फार होता, म्हणून उठले. उठले आणि उजवा पाय नव्हताच. होता, पण झोपलेला होता. ते तिरपे गेले, आधारासाठी हात टाकला तो जुळवून ठेवलेल्या पानांच्या फळीवर. फळी उलटली. चार पानांचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जमिनीवर ओतले गेले. गाड्यांचे आकडे कपाटाखाली गेले, कुंभकोणम शाईच्या डब्यात पडलं, आणि या सगळ्यावर राघोत्तमराव.

मालोजी हा त्या छापखान्यातला जुना जुळारी, म्हणजे खिळे जुळवून पानं बांधणारा. तोही तंजावूरकडचा, म्हणून दोघं आपसात मराठीत बोलत. त्यानंच त्यांना उचललं. ती चार पानं पुन्हा जुळवायला मालोजी आणि आणखी दोघे अडीच दिवस उभे होते. मालक नारायणस्वामी रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सोडा मागवला, पंख्याखाली बसवलं आणि शांतपणे सांगितलं, की पंधरा दिवस घरी राहा, प्रुफं घरी पाठवतो. मग जाता जाता म्हणाले, की त्यांच्या पाहण्यात एक तरुण मुद्रितशोधक आहे, डोळ्यांनी तेज आहे, निवृत्तीला तीनच वर्षं उरली आहेत तर रावांनीही विचार करून ठेवायला हरकत नाही.

घरी आल्यावर त्या दिवशी त्यांनी थट्टा केली नाही. सरोजाबाईंना एवढंच म्हणाले, “पाय पडला असता तरी चाललें असतें. मी पडलों तें मालोजीच्या कामावर.”

दुसऱ्या दिवशी मालोजी जाता जाता प्रुफांची गुंडाळी देऊन गेला. खुर्चीत बसून मांडीवर ते लांबडे कागद सांभाळता येईनात. सरोजाबाईंनी माझ्यावरची परात उचलली, बरणी उचलली, बूट बाजूला केले, फडक्यानं पाट पुसला आणि समोर स्टूल ठेवलं. राघोत्तमराव बसले. कागद पसरले. लाल पेन्सिल कानावरून काढली. आणि पाय ठेवायला खाली दुसरी जागाच नसल्यामुळे त्यांनी ते माझ्या पट्टीवर ठेवले.

पहिल्यांदा ते चुकून हलले. पट्टी पुढे गेली, मागे आली, चाकानं अर्धा वळसा घेऊन अंग चोरलं. तीन वर्षांची धूळ होती. त्यांनी खाली पाहिलं. पुन्हा दाबलं. चाक उलटं फिरलं, अडलं, मग त्यांनी हातानं त्याला ढकललं आणि ते सुलटं सुरू झालं. टाच, चवडा, टाच. वर ते गाड्या वाचत होते आणि खाली पाय आपले आपण चालले होते. अकोल्याच्या... नव्हे, अरक्कोणमच्या गाडीवर होते ते. पाहा, माझीसुद्धा चूक झाली. त्यांनी ती तिथल्या तिथे पकडली असती. कारण त्या दुपारी त्यांना झोप आली नाही. रोज तीनच्या सुमारास त्यांचे डोळे मिटायचे आणि त्या पाव तासातल्या चुका छापल्या जायच्या, हे त्यांनी मला नाही, पण स्वतःशी मोठ्यानं कबूल केलं. त्या दिवशी तीन वाजले, सव्वातीन वाजले, आणि त्यांनी एका रांगेत तीन चुका काढल्या.

माझा आवाज ऐकून सरोजाबाई स्वयंपाकघरातून आल्या. दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.  मग विचारलं, “काय शिवतां?”

“तंजावूर पॅसेंजर,” राघोत्तमराव म्हणाले. “उसवली होती.”

त्या हसल्या नाहीत. माझ्या चाकाकडे पाहिलं आणि आत गेल्या. आम्ही दोघांनीही, म्हणजे त्यांनी आणि मी, असं धरलं की त्या आमचं कौतुक करायला आल्या होत्या.

पंधरा दिवसांत सूज निम्मी उतरली. राघोत्तमरावांनी ठरवलं, की मला छापखान्यात न्यायचं. मालोजीनं हातगाडी आणली. सरोजाबाईंनी मला पुसून दिलं, चाकाच्या कण्यात दोन थेंब तेल सोडलं, आणि गाडी गल्लीच्या कोपऱ्यावर वळेपर्यंत त्या उंबऱ्यात उभ्या होत्या. मी गाडीवर मिरवत चाललो होतो.

छापखान्यात माझं जे स्वागत झालं ते मी मुद्दाम सगळं सांगत नाही. यंत्रांच्या आवाजात माझी कुरकुर कुणाला ऐकू येत नव्हती, पण दिसत तर होतं. शिंपी बसवला का, असं प्रत्येकानं एकदा तरी विचारलं. कापणी विभागातल्या एकानं खरोखरच पॅन्ट आणून दिली, खालून एक इंच आत घ्या म्हणाला. नारायणस्वामींनी चष्म्यावरून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, की गिऱ्हाईक आलं तर समोर कापड टाकून हे झाका. आपण रेल्वेचं काम करतो, लोकांना वाटेल गाड्या पायानं चालवतो.

पण नोव्हेंबरची आवृत्ती निघाली तेव्हा तिच्यात शुद्धिपत्र नव्हतं. नारायणस्वामी एकदाच येऊन उभे राहिले, पान उलटलं, पान मिटलं. तरुण मुद्रितशोधकाचा विषय त्यानंतर निघाला नाही. माझ्यावरचं कापडही काढलं गेलं.

मग मात्र मी फार चढून गेलो. राघोत्तमरावही. भेटेल त्याला ते पोटरी दाखवायचे. जेवताना घरी सांगायचे, बसमध्ये सांगायचे, डॉक्टर गुरुमूर्तींना जाऊन सांगून आले. माणसानं बसून काम केलं तरी पाय बसू देऊ नयेत, हे त्यांचं नवं ब्रीद. आठ महिने ते हे बोलत होते आणि आठ महिने सरोजाबाई ऐकत होत्या. मला वाटायचं, की या माणसाला मी जन्म दिला. ज्याला डोकं नाही त्यानं एवढं समजणं साहजिकच.

१९८८ च्या पोंगलनंतर भवानी माहेरी आली. दोन दिवस राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी वडिलांचा डबा घेऊन ती छापखान्यात आली. राघोत्तमरावांना आनंद झाला. तिला बाकावर बसवून त्यांनी माझं प्रात्यक्षिक सुरू केलं. किती वळसे होतात, कसे होतात, सूज कशी उतरली. भवानी डबा मांडीवर धरून ऐकत होती. मग तिनं विचारलं, की अम्मा गच्चीवर कधीपासून जात नाही.

राघोत्तमरावांना प्रश्न कळला नाही.

भवानीनं सांगितलं, की धुतलेले कपडे पडवीत दोरीवर वाळत घातलेत, वास येतो त्यांना. वत्तल या वर्षी घातलंच नाही. वर जायला अकरा पायऱ्या आहेत आणि अम्मा दुसऱ्या पायरीवरून परत फिरते. काल तिनं लपून पाहिलं. अम्मा भिंत धरून जमिनीवरून उठते.

राघोत्तमराव म्हणाले, की वय झालं, गुडघे आहेत, औषध आणू.

“वय तुमचंही तेच आहे, अप्पा,” भवानी म्हणाली. नेहमी तमिळमध्ये बोलणारी ती मुलगी हे मराठीत बोलली, शब्द जुळवत, सावकाश. “तिचे पाय रोज चालत होते. तुमचे आता चालतात तसेच. मशीनचं डोकं मी नेलं. पाय तुम्ही नेले. अम्मापाशी काय ठेवलं आपण?”

त्यांचे पाय माझ्यावरच होते. ते थांबले. चाक आपल्या वेगानं आणखी दोन वळसे फिरलं आणि तेही थांबलं. 

डबा त्यांनी उघडला नाही. भवानीला बसमध्ये बसवून आले आणि पेन्सिल हातात धरून तसेच बसले. मग मालोजीला हाक मारली आणि सांगितलं, की त्या पहिल्या दिवशी मशीनचा आवाज ऐकून भवानीची आई दारात आली होती. “मला वाटलें, मला पाहावयास आली.”  मालोजी हातगाडी बघायला गेला.

नारायणस्वामींना सांगणं अवघड गेलं असावं. मार्चची आवृत्ती हातात होती. मालक म्हणाले, की आता कुठे काम नीट चाललंय, आणि हे घेऊन गेलात तर पुन्हा जूनसारखं होईल. राघोत्तमराव म्हणाले, “झालें तर मीच निघून जाईन, सर. हें घरचें आहे. न विचारतां आणलें होतें.”

परतताना गाडीवर मालोजीनं छापखान्यातले रद्दीचे गठ्ठेही घातले होते, त्यामुळे राघोत्तमरावांना बसायला जागा नव्हती. ते गाडीच्या मागून चालत आले. रॉयपेट्टा हायरोड, मग पायक्रॉफ्ट्स रोड, मग आमची गल्ली. वीस मिनिटांची वाट पस्तीस मिनिटांत. दोन वेळा थांबून श्वास घेतला. तेवढं अंतर त्यांना चालताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि माझ्या कुठल्याही मदतीशिवाय.

ऊन अजून होतं. सरोजाबाई दारात आल्या. मला पाहून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी हळूच विचारलं, “कामावरून काढलें कां?”

“मला नाही. याला.”

त्यांनी मला खिडकीपाशी लावलं, पूर्वी होतो तिथेच. स्टूल ठेवलं. सरोजाबाईंना बसायला सांगितलं. त्या बसेनात. वर मशीन नाही, कापड नाही, नुसते पाय हलवत बसले तर शेजारी काय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. राघोत्तमराव म्हणाले, की मी आठ महिने नुसतेच हलवले आणि वर पगार घेतला. तेव्हा त्या हसल्या. पण बसल्या त्या हसल्यामुळे नाही. ते खाली वाकले, आपली सुजरी पावलं घेऊन जमिनीवर मांडी घालून बसले, आणि हातानं माझं चाक सुलट्या दिशेला ढकलून देत म्हणाले, “मी विचारावयास हवें होतें. नाही विचारलें.”

सरोजाबाईंनी पाय ठेवले.

ते पाय मी ओळखले असं म्हणायला मला आवडलं असतं. नाही ओळखले. ते जड झाले होते, आणि उजवा गुडघा वाकताना आतून कट्‌कन वाजायचा. तीन वळसे झाले. चौथ्याला त्यांनी ओठ आवळले आणि थांबल्या. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी त्या आपण होऊन आल्या, पाटावर ओला मोगरा पसरला, केळीच्या सोपाचा दोरा घेतला आणि गजरा ओवायला लागल्या. फुलाला सुई लागत नाही, गाठ बोटांना कळते. डोळ्यांची अडचण नव्हती. हात वर फुलं बांधायचे, पाय खाली चालायचे. पाच वळसे. आठवड्यानं वीस. मग त्या मोजेनाशा झाल्या. शेजारच्या बायका येऊन बसायला लागल्या आणि गजरे पार्थसारथीच्या देवळात जाऊ लागले.

इकडे राघोत्तमरावांचं काय झालं? पहिल्याच आठवड्यात घोटे पुन्हा भरले. मालोजीनं उपाय काढला. जुळारी उभ्यानं काम करतात, त्यांच्या खिळ्यांच्या उतरत्या घोड्यांतला, म्हणजे तिरप्या मेजांतला, एक रिकामा होता. तो त्यानं आपल्या शेजारी ओढला, वर फळी टाकली आणि म्हणाला, “राव, येथें उभे राहून वाचा. पडलांत तर या खेपेस मी धरीन.” राघोत्तमराव एक प्रूफ उभ्यानं वाचत, एक बसून. चूक सापडली की हाक मारण्याऐवजी स्वतः त्या जुळाऱ्यापर्यंत जात. मार्चच्या आवृत्तीत एक चूक राहिली, अगदी क्षुल्लक, एका तळटिपेत. नारायणस्वामींनी ती दाखवली आणि पुढची प्रुफं त्यांच्याच हातात ठेवली. घरी परतताना ते चालत येऊ लागले. रोज नाही. थांब्यावर बस उभी दिसली तर अजूनही पाय तिकडे वळायचे, आणि घरी येऊन ते तसं सांगायचे. बूट मात्र झिजले.

त्या वर्षीच्या जुलैतली एक सकाळ. राघोत्तमराव जेवून निघायच्या तयारीत होते. पडवीतली दोरी रिकामी होती आणि धुण्याची बादलीही दिसत नव्हती. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. जिना माझ्या मागच्या भिंतीला लागून जातो, त्यामुळे मला स्पष्ट ऐकू येत होतं. एक पाऊल, थांबणं, बादली वर ठेवल्याचा आवाज, पुन्हा पाऊल. दुसरी पायरी. तिसरी. सातवीवर बराच वेळ काही नाही. राघोत्तमराव खाली माझ्या फळीवर हात टेकून उभे होते.  ते जिन्याकडे गेले नाहीत. गेले असते तर त्या तिथूनच परत फिरल्या असत्या, हे त्यांना ठाऊक असावं.

मग आठवी. नववी. दहावी. अकरावी.

आणि मग छतावरून, आमच्या दोघांच्या डोक्यावरून, ओलं धोतर झटकल्याचा आवाज आला. फाट्. राघोत्तमरावांनी टोपी घातली आणि कामावर गेले. त्या दिवशी ते चालत गेले असणार. बस थांब्यावर उभी असती तरी ती त्यांना दिसली नसती.

आता १९९६ साल चालू आहे. राघोत्तमराव कधीच निवृत्त झाले. छापखान्यात संगणक आले, खिळे वितळवायला गेले, मालोजी तंजावूरला परतला. गावाचं नावसुद्धा बदललं. मद्रासला आता चेन्नई म्हणायचं असं ठरलंय, आणि राघोत्तमराव रोज सकाळी वर्तमानपत्रात कुठे जुनं नाव राहून गेलंय ते लाल पेन्सिलीनं खूण करत बसतात. बसतात म्हणजे माझ्यापुढे. साडेसात ते आठ त्यांची वेळ, आठनंतर सरोजाबाईंची, आणि आठला पाच कमी असतानाच वाद सुरू होतो. माझा गंज वाढलाय. राघोत्तमराव कौतुकानं खोबरेल तेल घालतात, ते थंडीत गोठतं आणि चाक दुप्पट जड होतं. सरोजाबाई म्हणतात, बरंच आहे, व्यायाम जास्त होतो.

माझी कुणी मूर्ती घडवावी असं मी काही केलेलं नाही. शिवलं डोक्यानं, चालले पाय माणसांचे, मी नुसता जागचा हललो नाही. तरीही एक विनंती करतो. हे तुम्ही बहुतेक बसूनच वाचलं असेल. आता उठा, पाय मोकळे करा. आणि उठलातच आहात तर घरात एक फेरी मारा. आपल्यासाठी पाण्याचा पेला हातात आणून देणारं माणूस स्वतः जमिनीवरून कसं उठतं, तेवढं एकदा बघून घ्या. मी ते सतरा वर्षं जवळून पाहत होतो आणि मला दिसलं नाही.

आठ वाजले. सरोजाबाई मोगऱ्याची टोपली घेऊन आल्यात, आणि त्यांना कामाच्या वेळी माझी कुरकुर चालत नाही.